सत्तेचाळीस अधिक अडतीस: मुलांच्या अंकगणितासाठी गेम बनवताना

प्रश्न विचारणारे गृहस्थ पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेत. गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेतल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी त्यांना बेरीज, वजाबाकी आणि पाढ्यांच्या सरावाचा गेम बनवायचा आहे. डोक्यातला आराखडा असा: वरून उल्का पडतात, प्रत्येकीवर एक गणित, बरोबर उत्तर टाइप केलं की उल्का फुटते. तीस सेकंदांचं घड्याळ आणि शेवटी गुणांची क्रमवारी. इंजिन (गेम ज्यात बनवतात ते तयार सॉफ्टवेअर) कुठलं घ्यावं, काठिण्यपातळी कशी ठरवावी, घड्याळ ठेवावं का आणि मुळात अशा गेमचा उपयोग होतो का, असे त्यांचे चार प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर आपल्या जवळच्याच एका शहरातून आलेलं आहे. बडोद्याच्या महापालिका शाळांत राज्य सरकारने दिलेले संगणक होते, प्रत्येक शाळेत चारेक. ‘प्रथम’ संस्थेने तिथे चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास गणिताचे गेम खेळायला दिले, एका संगणकावर दोन मुलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, शॉन कोल आणि ली लिंडन या अर्थतज्ज्ञांनी त्याची मोजणी केली आणि ती २००७ साली प्रसिद्ध झाली. गणिताचे गुण पहिल्या वर्षी ०.३५ आणि दुसऱ्या वर्षी ०.४७ प्रमाण विचलनाने (मुलांचे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं हे माप) वाढले. शिक्षणातल्या प्रयोगांत ही वाढ मोठी मानतात. कार्यक्रम संपल्यावर वर्षभराने मात्र त्यातली जेमतेम ०.१० उरली. म्हणजे उपयोग होतो, पण सराव थांबला की मिळवलेलं ओसरतं. तेव्हा तुमचा गेम मुलं वर्षभर, थोडा थोडा खेळू शकतील असा हवा. एका स्नेहसंमेलनापुरता बनवू नका.

आता तुमचा आराखडा. उल्कांचा हा गेम आधीच तयार आहे. ‘टक्समॅथ’ नावाचा मुक्त स्रोत गेम नेमका हेच करतो, फक्त तिथे तोफ पेंग्विनच्या हातात आहे. तो उतरवून घ्या आणि चार मुलांना खेळू द्या. तुमचे दोन महिने वाचतील आणि एक गोष्ट डोळ्यांनी दिसेल. ज्याला पाढे येतात तो पोरगा उड्या मारत खेळतो. ज्याला येत नाहीत त्याच्या डोक्यावर उल्का आदळत राहतात आणि आपलं नक्की काय चुकलं हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही. सरावाची गरज तर त्यालाच होती.

गेली बारा-तेरा वर्षं मी प्राथमिक शाळांसाठी सरावाची सॉफ्टवेअर बनवते आहे, त्याआधी सहा वर्षं वर्गात शिकवत होते. इतक्या काळात माझं एक मत पक्कं झालंय: गेमचं खरं काम मुलाचं उत्तर चुकतं तेव्हा सुरू होतं. चित्रं, आवाज, इंजिन हे सगळं त्यानंतर.

एकच गणित घेऊ. ४७ + ३८. बरोबर उत्तर ८५. तुमच्या आराखड्यातला गेम दोनच गोष्टी ओळखतो, ८५ आणि ८५ नसलेलं. पण तिसरीच्या वर्गात पाट्या बघत फिरलात तर काय काय दिसतं बघा. कुणी ७५ लिहिलेलं असतं: सात नि आठ पंधरा, पाच खाली मांडले, हातचा एक विसरला. कुणी ७१५ लिहितं: पंधराच्या पंधरा खाली उतरवले, हातचा ही काय भानगड आहे हेच अजून समजलेलं नाही. कुणाचं ८४ येतं: बोटांवर मोजताना पहिल्या बोटाला ‘आठ’ म्हणण्याऐवजी ‘सात’ म्हटलं, म्हणून एक कमी पडला. आणि कुणी लिहितं ५८.

हे ५८ लिहिणारं मूल माझ्या फार जिव्हाळ्याचं आहे. त्याची बेरीज पूर्ण बरोबर आहे. हातचा घेतला, मिळवला, मनात उत्तर आलं ‘पंच्याऐंशी’. शब्दाच्या सुरुवातीला पाच ऐकू आले म्हणून बोट आधी पाचावर गेलं, मग आठावर. अशा मुलाला गेमने लाल फुली दाखवली, तर ते समजतं की आपली बेरीज चुकली, आणि येणारी गोष्टही डगमगायला लागते.

मराठीत गेम बनवणाऱ्याने ही अडचण पहिल्या दिवशी समजून घ्यायला हवी. आपण त्रेसष्ट म्हणताना तीन आधी उच्चारतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो. त्यात एकोणचाळीस, एकोणपन्नास ही मंडळी पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतात. एकोणसाठ ऐकून ६९ लिहिणारी मुलं प्रत्येक शाळेत सापडतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला ‘वीस एक’ असं वाचन आलं, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे हेच समजावून सांगितलं होतं की जोडाक्षरांनी भरलेली ही उलटी नावं लहान मुलांना जड जातात. नावं बदलावीत की नाही यावर तुमचं काहीही मत असो, अडचण खरी आहे आणि ती तुमच्या गेममध्ये येणारच आहे.

त्यासाठी मी एक साधी गोष्ट करते. प्रत्येक खेळाच्या सुरुवातीला चार-पाच वेळा फक्त संख्या ऐकवायची आणि ती टाइप करायला सांगायची. गणित काहीच नाही. ‘चौसष्ट’ ऐकून ४६ टाइप झालं तर हे मूल आकडे उलटवतंय हे आधीच कळतं. मग पुढे बेरजेत ८५ च्या जागी ५८ आलं, तर गेम त्याला विचारू शकतो, “तुला पंच्याऐंशी म्हणायचंय का? दशक आधी लिहूया.” बेरीज बरोबर म्हणून मोजायची आणि मुलाला संख्यालेखनाचा वेगळा सराव द्यायचा.

याच्याशीच जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे उत्तराची चौकट. वहीत उभी बेरीज करताना मूल आधी एकक लिहितं, मग डावीकडे सरकून दशक. कीपॅडवर मात्र ८५ लिहायला आधी आठ दाबावा लागतो. म्हणजे आपण शाळेत शिकवलेल्या पद्धतीने चाललेल्या मुलाला हातात आलेले पाच मनात धरून ठेवायला लावतो, हातचाही धरायला लावतो, आणि मग उलट्या दिशेने लिहायला सांगतो. उभ्या मांडणीच्या गणितात प्रत्येक अंकाला वेगळा चौकोन द्या आणि लिहिण्याची सुरुवात उजव्या चौकोनातून होऊ द्या. वर हातच्यासाठी एक छोटा चौकोन ठेवा, तो भरलाच पाहिजे अशी सक्ती नको. तोंडी गणितात मात्र साधी चौकट ठेवा, कारण तिथे उत्तर अख्खं मनात तयार होतं. या एवढ्या बदलाने, काहीही न शिकवता, कितीतरी मुलांच्या चुका कमी झालेल्या मी पाहिल्यात.

चार पर्यायांतून एक निवडा, हे अजिबात करू नका. पर्याय दिले की मुलं फक्त एकक जुळवून बघतात किंवा अंदाजाने बोट ठेवतात, आणि चुकीच्या उत्तरातून मिळणारी माहिती कायमची हातची जाते.

आता प्रश्न कसे तयार करायचे. बहुतेक जण इथे यादृच्छिक संख्या काढून मोकळे होतात. एक ते नव्व्याण्णवमधल्या कुठल्याही दोन संख्या घ्या नि बेरीज विचारा. त्यात ४० + १० आणि ४७ + ३८ एका पातळीवर येतात, मुलाच्या दृष्टीने मात्र ती दोन वेगळी जगं आहेत. काठिण्य संख्येच्या आकारावर नसतं, वाटेत काय काय करावं लागतं त्यावर असतं: दहाच्या आतली बेरीज, दहा ओलांडणारी बेरीज (८ + ५), हातचा नसलेली दोन अंकी, हातचा असलेली, वजाबाकीत उसना घ्यायची, आणि सगळ्यांत अवघड म्हणजे मध्ये शून्य असलेली, ३०२ − १४७ सारखी. प्रत्येक प्रकारासाठी वेगळा छोटा जनक, म्हणजे त्या प्रकारची गणितं तयार करणारा प्रोग्रामचा तुकडा, लिहा.

आणि संख्या निवडताना अशा निवडा की प्रत्येक चूक आपलं वेगळं उत्तर देईल. उत्तर ६६ येणार असेल तर आकडे उलटवणारं मूल ओळखूच येणार नाही. वजाबाकीत तर हे फारच महत्त्वाचं आहे. ५२ − ३७ घ्या. काही मुलं ‘मोठ्यातून लहान’ वजा करतात, सातातून दोन गेले पाच, पाचातून तीन गेले दोन, उत्तर २५. दुसरी काही मुलं उसना बरोबर घेतात, बारातून सात गेले पाच, पण दशकाचे पाच कमी करायला विसरतात, उत्तर पुन्हा २५. दोन्ही मुलांना वेगवेगळं समजावायला हवं आणि तुमच्या हातात एकच आकडा आहे. आता ५३ − ३७ द्या. पहिल्या मुलाचं २४ येईल, दुसऱ्याचं २६, आणि बरोबर उत्तर १६. एककांतला फरक पाच असला की या दोन चुका एकमेकींत मिसळतात, म्हणून तसले जोड मी जनकातून गाळूनच टाकते. हे माझं डोकं नाही. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीच्या चुकांचा असाच पद्धतशीर अभ्यास मांडला. मुलं चुकीचा का होईना, एक नियम धरून चालतात आणि तो नियम उत्तरावरून शोधून काढता येतो, हे त्यांनी संगणकाच्या मदतीने दाखवलं. तुमचा प्रोग्राम हे सहज करू शकतो: गणित तयार करतानाच बरोबर उत्तराबरोबर चार-पाच ओळखीच्या चुकांची उत्तरंही काढून ठेवायची आणि मुलाचं उत्तर त्यांच्याशी ताडून पाहायचं. पंधरा-वीस ओळींचं काम आहे. एकदा चूक जुळली तर लगेच शिक्का मारू नका, हात घसरूही शकतो. तीच चूक दोन-तीन वेळा दिसली की मग धरा.

चूक धरल्यावर काय करायचं? इथे गेमचं कथानक कामाला येतं, म्हणून ते जपून निवडा. इंग्लंडमध्ये जेकब हॅबगुड आणि शारॉन एन्सवर्थ यांनी सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी भागाकाराचा एक गेम बनवला होता. छातीवर संख्या लिहिलेले सांगाडे अंगावर येतात आणि ज्या संख्येने निःशेष भाग जातो तिचाच वार केला तर ते पडतात. त्याच गेमची दुसरी आवृत्ती काढली, त्यात लढाई तशीच ठेवली पण संख्या काढून टाकल्या आणि गणितं प्रत्येक टप्प्याच्या शेवटी प्रश्नपत्रिकेसारखी दिली. गणित ज्या आवृत्तीत वारातच होतं तिच्यातून मुलं जास्त शिकली. मोकळ्या वेळेत हवा तो गेम खेळा म्हटल्यावर तिच्यावर सातपट वेळही घालवला. २०११ सालचं हे काम आहे. तुमच्या उल्कांच्या गेममध्ये उल्केवर गणिताऐवजी इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग लिहिलं तरी गेम तसाच चालेल. गेमची चाल आणि गणित यांचा काही संबंध नाही, याची हीच परीक्षा.

मी सध्या आठवडी बाजाराचं कथानक वापरते. मूल भाजीच्या पालावर बसलंय. गिऱ्हाईक सदतीस रुपयांची भाजी घेतं आणि पन्नासची नोट देतं. समोर गल्ल्यात एक, दोन, पाच, दहाची नाणी आणि नोटा. मुलाने सुटे उचलून गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायचे. इथे टाइप करायचंच नाही. हुशार मूल काय करतं बघा: सदतीसवर तीन ठेवून चाळीस करतं, मग दहाची नोट ठेवतं, पन्नास झाले. आपल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या अशीच वजाबाकी चालत आलेली आहे, मिळवत जाऊन. आणि हातच्याची चूक झाली तर दाखवायला साधन आयतं हाताशी आहे: गल्ल्यात एकेकाची पंधरा नाणी झाली, त्यातली दहा मुलाने बोटाने ओढून नोटेवर टाकली की त्यांची एक दहाची नोट होते आणि ती दशकाच्या कप्प्यात जाऊन बसते. ७१५ लिहिणाऱ्या मुलाला हे चार-पाच वेळा स्वतःच्या बोटाने करू द्या. बोलून समजावायला जाऊ नका.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा एक अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला, बॅनर्जी आणि डुफ्लो त्यातही आहेत. ही मुलं गिऱ्हाइकाचा हिशेब तोंडी झटपट करतात, पण तसंच गणित कागदावर शाळेच्या मांडणीत दिलं की अडतात. शाळेत जाणाऱ्या मुलांचं उलट: कागदावरचं जमतं, बाजारातलं जमत नाही. एकीकडचं कौशल्य आपोआप दुसरीकडे जात नाही. म्हणून बाजाराच्या खेळात प्रत्येक व्यवहार संपला की बाजूला एक वही उघडते आणि नुकतंच केलेलं ५० − ३७ तिच्यात मांडलेलं दिसतं. दर तीन-चार गिऱ्हाइकांमागे एकदा ही वही मुलाने स्वतः भरायची.

घड्याळाचा प्रश्न. पडद्यावर उलटं धावणारं घड्याळ काढून टाका, ही माझी हात जोडून विनंती आहे. अंकगणित करताना मूल मधली उत्तरं डोक्यात तात्पुरती धरून ठेवतं, आणि गणिताची धास्ती नेमकी हीच जागा खाऊन टाकते. मार्क अॅशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी २००१ मध्ये हे प्रयोगांनी दाखवलं. घड्याळाने सर्वाधिक नुकसान होतं ते घाबरणाऱ्या मुलाचं.

वेळ मोजा मात्र जरूर, पण मुलाला न दाखवता. पाढ्यांच्या बाबतीत तर वेळेसारखा दुसरा साक्षीदार नाही. आपली मुलं पाढे ठेक्यात म्हणतात: सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. हा ठेका फार मोलाचा आहे, तो मोडायची गरज नाही. पण ‘सात आठी किती?’ असं मधूनच विचारलं की पुष्कळ मुलं वरून म्हणत म्हणत खाली येतात. उत्तर बरोबरच येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. नोंदींत मात्र स्वच्छ दिसतं: सात दुणे पटकन, सात चोक जरा उशिरा, सात आठी त्याहून उशिरा, अशी वेळ पायरीपायरीने चढत जाते. असं दिसलं की त्या मुलाला मधला खांब द्या. सात पंचे पस्तीस पक्कं करून घ्या आणि तिथून पुढे सात सक, सात साती मोजायला लावा. आठ साती आणि सात आठी एकच, हेही चौकोनांच्या रांगा आडव्या-उभ्या फिरवून दाखवा. दोन ते नऊपर्यंतच्या पाढ्यांत दिसायला चौसष्ट गुणाकार आहेत, उलटसुलट जोड्या एक धरल्या तर छत्तीसच उरतात. मुलांना हे सांगितलं की त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

वेळ मोजताना दोन गोष्टी पाळा. प्रत्येक मुलाचा बोटांचा वेग वेगळा असतो, म्हणून सुरुवातीच्या ‘ऐका आणि टाइप करा’मधून त्याचा टाइप करायचा वेळ काढा आणि तो वजा करा. आणि अर्ध्या मिनिटावर गेलेली नोंद वेळेच्या हिशेबात धरू नका, कारण मूल पाणी प्यायला उठलेलं असतं किंवा धाकट्या भावाने फोन ओढलेला असतो.

पुढचा प्रश्न कुठला द्यायचा यासाठी भारी काही लागत नाही. १९७० च्या दशकात सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने एका बाजूला प्रश्न नि दुसऱ्या बाजूला उत्तर लिहिलेल्या पानांची, कप्पे असलेली पेटी सुचवली होती. येणारं पान पुढच्या कप्प्यात, चुकलेलं पहिल्या कप्प्यात, आणि पुढचे कप्पे कमी वेळा उघडायचे. प्रत्येक गुणाकाराला असा एक कप्पा क्रमांक द्या. मी त्यात थोडी भर घातली आहे. उत्तर बरोबर पण सावकाश आलं तर पान जागेवरच राहतं, पुढे जात नाही. चुकलेलं गणित लगेच परत देत नाही, तीन-चार गणितं मध्ये घालून देते, कारण लगेच दिलं तर मूल नुकतंच पाहिलेलं उत्तर पोपटासारखं परत करतं. दहातली साधारण आठ गणितं त्याला येणारी असावीत असं प्रमाण ठेवते, आणि दहा मिनिटांनी गेम स्वतःच थांबतो, शेवटचं गणित हमखास येणारं देऊन.

बक्षिसांबद्दल दोनच शब्द. गुणांची क्रमवारी नको. वीस मुलांच्या वर्गात तळाला कोण हे सगळ्यांना आधीच माहीत असतं, ते पडद्यावर लावायची गरज नाही. आणि चुकल्यावर दिसणारी गंमत बरोबर उत्तरापेक्षा मोठी होऊ देऊ नका. माझ्या सुरुवातीच्या एका गेममध्ये उत्तर चुकलं की फुगा मोठ्ठा आवाज करून फुटायचा. दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग ठरवून चुकीची उत्तरं देत होता आणि माझ्या सगळ्या नोंदी वाया गेल्या.

आता इंजिन. पहिला नमुना कार्डबोर्ड आणि खेळण्यातल्या नोटांवर करा, दुसरा स्क्रॅचमध्ये. एमआयटीतून २००७ साली आलेलं हे मोफत साधन दोन संध्याकाळींत कल्पना पडद्यावर आणून देतं, आणि शाळेतल्या शिक्षकांना ते उघडून स्वतः बदलता येतं. खरा गेम मी साध्या वेब पानाच्या रूपात बनवते. एकदा उघडल्यावर इंटरनेटशिवाय चालेल अशी सोय करते. गावात बहुतेक मुलांच्या हाती येतो तो आईवडिलांचा जुना अँड्रॉइड फोन, तोही संध्याकाळी कामावरून परतल्यावर तासभर. त्यात जागा कमी आणि डेटा मोजका. तिथे शंभर एमबीचं अॅप उतरवून घेतलंच जात नाही.

तरी इंजिनच हवं असेल तर आधी एक चाचणी करा: ‘त्र्याण्णव’, ‘अठ्ठ्याऐंशी’ आणि ‘उत्तर’ हे शब्द पडद्यावर आणून बघा. गोडो या इंजिनाच्या तिसऱ्या आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट जुळत नव्हती, २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून जुळतात. युनिटी या दुसऱ्या इंजिनाच्या नेहमीच्या टेक्स्ट घटकातही हीच रड आहे. ब्राउझरमध्ये हा त्रास होत नाही. फॉन्ट म्हणाल तर ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ मोफत आहेत आणि लहान पडद्यावर ठळक दिसतात. शाळा मराठी माध्यमाची असेल तर अंक देवनागरी ठेवा, सेमी इंग्रजीसाठी इंग्रजी अंकांचा पर्याय द्या. प्रोग्रामच्या आत संख्या नेहमी संख्या म्हणूनच ठेवा आणि दाखवताना तेवढी देवनागरी करा. जावास्क्रिप्टला देवनागरी ‘४७’ हा मजकूर संख्येत बदलायला सांगितला तर त्याला तो कळत नाही, आणि अशी चूक शोधताना माझा एकदा अख्खा दिवस गेला होता. फोनचा कीबोर्ड अर्धा पडदा झाकतो, म्हणून अंकांची बटणं स्वतःची बनवा, मोठी, अंगठ्याने दाबता येतील अशी.

आवाजासाठी वेगळा वेळ काढून ठेवा. इंग्रजीत एक ते एकोणीस आणि आठ दशकं एवढे सत्तावीस शब्द रेकॉर्ड केले की नव्व्याण्णवपर्यंतच्या सगळ्या संख्या जोडून तयार होतात. मराठीत प्रत्येक संख्येचं नाव स्वतंत्र, म्हणून शून्य ते शंभर सगळ्या रेकॉर्ड कराव्या लागतात. पुढे एकशे, दोनशे ते नऊशे एवढे नऊ तुकडे जोडले की हजारच्या आतलं सगळं भागतं. यांत्रिक आवाज वापरू नका. त्या शाळेतल्याच एखाद्या बाईंकडून किंवा पाचवीतल्या स्पष्ट बोलणाऱ्या मुलीकडून रेकॉर्ड करून घ्या. ओळखीचा आवाज ऐकला की मुलं खुलतात.

मुलांची नावं, फोन नंबर, फोटो काहीही गोळा करू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. मुलाला मोर, खार, कासव असं एक चित्र निवडू द्या आणि त्याची प्रगती त्या फोनमध्येच साठवा. शिक्षकांना हवा असतो तो एकच पडदा: कोणत्या चित्राच्या मुलाला कोणती चूक वारंवार होते. ‘खार: उसना घेतल्यावर दशक कमी करत नाही’ एवढी एक ओळ त्यांना दहा आलेखांपेक्षा उपयोगी पडते, कारण दुसऱ्या दिवशी त्या मुलाजवळ बसून काय करायचं ते त्यातून लगेच कळतं.

नमुना तयार झाला की शाळेत जा, एका वेळी एकाच मुलाला द्या आणि त्याच्या मागे बसा. हात मांडीवर ठेवा, एक शब्द बोलू नका, ते अडलं तरी. गणितं पुटपुटत करायला सांगा आणि वहीत तीन रकाने आखा: गणित, दिलेलं उत्तर, पुटपुटणं. मागच्या पावसाळ्यात एक चिमुरडी अशीच माझ्यासमोर ६४ − २८ करत होती. उत्तर ४४ आलं. माझ्या प्रोग्रामने ‘मोठ्यातून लहान’ अशी नोंद केली आणि ती बरोबरच होती. पण ती पुटपुटली होती, “चारातून आठ जात नाहीत, मग आठातून चार.” म्हणजे चारातून आठ जात नाहीत हे तिला माहीत होतं. पुढे काय करायचं तेवढं माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी मी गल्ल्यात एक बदल केला: एकेकाची नाणी अपुरी पडली की दहाची नोट हलकेच हलते. पुढच्या खेपेला तिने ती नोट पाहिली, बोटाने ओढून मोडली आणि मोजून दिले, छत्तीस.